दचका आणि ठोसा : अलीकडचे भयपट, मारधाडपट आणि त्यांची समीक्षा

प्रस्तावना

गेल्या आठ-दहा वर्षांत हिंदी आणि मराठी चित्रपटांच्या तिकीटबारीवर ज्या प्रकारांनी राज्य केले त्यांत भयपट आणि मारधाडपट हे दोन अग्रभागी आहेत, आणि तरीही वर्तमानपत्री परीक्षणांत त्यांच्या वाट्याला येणारी भाषा ‘अंगावर काटा आणणारा’ आणि ‘डोके बाजूला ठेवून पाहण्यासारखा’ या शब्दप्रयोगांपलीकडे क्वचितच जाते. ज्याच्या रचनेचा मुख्य हेतू प्रेक्षकाला भयभीत करणे हा असतो तो भयपट. ज्यात कथेची निर्णायक वळणे संवादांतून न घडता पाठलाग, झुंज, युद्ध यांसारख्या शारीरिक संघर्षातून घडतात तो मारधाडपट. या व्याख्या ढोबळ आहेत, परंतु दोन्ही प्रकार प्रेक्षकाच्या बुद्धीकडे जाण्याआधी त्याच्या शरीराकडे जातात, हा दोहोंतील समान धागा त्यांतून स्पष्ट होतो. दचकलेला प्रेक्षक आपण का दचकलो याचा विचार दचकून झाल्यावर करतो, आणि पडद्यावरचा ठोसा पाहून खुर्चीच्या हातावर मूठ आवळणाऱ्याला त्या क्षणी नायकाची बाजू न्याय्य आहे की नाही हे तपासायला सवड नसते. म्हणूनच कथेचा सारांश, अभिनयाला शाबासकी आणि शेवटी तारे या ठरीव साच्यातले परीक्षण येथे अपुरे पडते. या प्रकारांचे मूल्यमापन करायचे तर भीती कोणत्या नियमाने बांधली आहे आणि प्रहाराला वजन आहे की नाही, हे दोन प्रश्न आधी विचारावे लागतात. अलीकडच्या गाजलेल्या चित्रपटांपैकी बरेच या प्रश्नांपुढे टिकत नाहीत, असे येथील प्रतिपादन आहे.

या उपेक्षेला इतिहास आहे. महाराष्ट्रात गंभीर चित्रपटसमीक्षेची पायाभरणी फिल्म सोसायटी चळवळीने केली. मुंबईत १९६८ साली स्थापन झालेले प्रभात चित्र मंडळ आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून सतीश बहादूर यांनी रुजवलेले चित्रपट रसास्वादाचे शिक्षण यांच्यामुळे मराठी वाचकाला सत्यजित राय, बर्गमन, कुरोसावा यांच्याकडे पाहण्याची दृष्टी मिळाली. ती मोलाची होती, परंतु तिच्याबरोबर एक सोवळेही आले. कुरोसावाचा ‘सेव्हन सामुराई’ हा मुळात उत्तम मारधाडपट आहे, हे त्याच्यावरच्या मराठी लेखनातून सहसा लक्षात येत नाही, कारण लिहिणाऱ्याचे डोळे मानवतावादावर खिळलेले असतात आणि पावसात, चिखलात रचलेल्या त्या अखेरच्या लढाईची मांडणी दुय्यम ठरते. साहित्यातही वेगळे घडले नाही. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांची पुस्तके ग्रंथालयांतून वाचकांच्या हातोहात फिरत राहिली, पण धारपांसारख्या लेखकाला समीक्षेने दीर्घकाळ दारातच उभे केले. मतकरींचे चिरंजीव गणेश मतकरी यांनी पुढे चित्रपटसमीक्षक म्हणून विशिष्ट प्रकाराचे नियम पाळणाऱ्या, म्हणजे ज्यांना चित्रपटसृष्टीत ‘जॉनर’ म्हटले जाते अशा चित्रपटांवरही तितक्याच गंभीरपणे लिहिले, हा अपवाद नोंदवण्यासारखा आहे.

समीक्षेचे सोवळे ज्या प्रेक्षकाला कधीच मानवले नाही, त्याचा पत्ता शोधायचा झाला तर मुंबईच्या उपनगरांत साकीनाक्याकडे बोट दाखवता येते. अंधेरी-कुर्ला रस्त्याला साकीविहार रस्ता जेथे मिळतो तो हा नाका, आणि त्याच्या भोवती खैरानी रोडची लहान कारखान्यांची व गाळ्यांची वस्ती, जरीमरीच्या चाळी, पलीकडे सीप्झ आणि औद्योगिक वसाहतीतली कार्यालये, आणि डोक्यावरून सतत उतरणारी विमाने. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाल्यावर येथील प्रेक्षकाला घाटकोपर आणि अंधेरीची बहुपडदा चित्रपटगृहे काही मिनिटांच्या अंतरावर आली. मात्र गाळ्यात पाळी संपवून मोबाइलवर दक्षिणेकडचे हिंदीत आणलेले मारधाडपट पाहणारा प्रेक्षकही याच वस्तीत आहे. हा प्रेक्षक केवळ गिऱ्हाईक नाही, कारण ज्या उद्योगाचा तो माल घेतो तो उद्योग त्याच्या शेजारीच वाढला. साकीविहार रस्त्यावरून आत गेले की लागणारा चांदिवली स्टुडिओ हा बाह्यचित्रीकरणाचा, म्हणजे छताखालच्या सेटऐवजी उघड्यावर घ्यायच्या दृश्यांचा परिचित तळ होता. आज त्या परिसरात उंच इमारतींची दाटी आहे. साकीनाक्याला लोखंड कापणाऱ्या, पत्रा ठोकणाऱ्या माणसाला जड वस्तू पडताना कसा आवाज होतो हे ठाऊक असते, आणि पडद्यावरचा खोटा आवाज तो समीक्षकाआधी ओळखतो.

भय आणि हिंसा यांचे प्रदर्शन कसे करावे हा प्रश्न भारतीय परंपरेला नवा नाही. भरताच्या नाट्यशास्त्राने आठ रस सांगितले आणि प्रत्येक रसाच्या मुळाशी एक स्थायीभाव, म्हणजे मनात मूलतः वसणारी वृत्ती, मानली: भयानकाचा स्थायीभाव भय, बीभत्साचा जुगुप्सा, म्हणजे किळस, वीराचा उत्साह आणि रौद्राचा क्रोध. बीभत्सातून भयानक उपजतो, असेही भरताने म्हटले आहे. त्याच ग्रंथाने युद्ध, मृत्यू, नगराला पडलेला वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, त्या प्रवेशकातून, म्हणजे दोन अंकांमधल्या सूचक दृश्यातून कळवाव्यात, असा दंडक घातला. चित्रपट आला आणि दंडक मोडला. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या ‘सैरंध्री’त (१९२०) भीमाच्या हातून होणारा कीचकाचा वध इतका हुबेहूब दाखवला की ते दृश्य सेन्सॉरच्या कात्रीत सापडले; त्याच चित्रपटासाठी लोकमान्य टिळकांनी पेंटरांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. योगायोग असा की खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ या नाटकावर (१९०७) ब्रिटिश सरकारने त्यातल्या राजकीय रूपकासाठी बंदी घातली होती. एकच कीचक रंगभूमीवर अर्थामुळे आणि पडद्यावर रक्तामुळे अडचणीचा ठरला, आणि या दोन आक्षेपांतला फरक ध्यानात ठेवणे हे आजही समीक्षेचे पहिले काम आहे.

रसव्यवस्थेचा उपयोग येथे पांडित्यासाठी केलेला नाही. हिंदी मारधाडपटाचा अलीकडचा प्रवास वीराकडून रौद्राकडे झाला आहे, आणि भयपटाचा बीभत्साकडून हास्याकडे, हे एकदा दिसले की सुट्या वाटणाऱ्या चित्रपटांची संगती लागू लागते.

हिंदीतले भय प्रथम वाड्यात आणि धुक्यात राहत असे. मालाडच्या बॉम्बे टॉकीजने काढलेल्या कमाल अमरोहींच्या ‘महल’पासून (१९४९) ‘बीस साल बाद’ (१९६२) आणि ‘वो कौन थी’ (१९६४) यांच्यापर्यंत भूत हे बहुधा पांढऱ्या साडीतले गाणे होते, आणि शेवटी त्याचा खुलासा होई. रामसे बंधूंनी ‘दो गज जमीन के नीचे’पासून (१९७२) ‘पुराना मंदिर’ (१९८४) आणि ‘वीराना’पर्यंत (१९८८) खुलाशाची प्रथा मोडून भुताला देह दिला, सात भावांनी लेखन, छायाचित्रण, ध्वनी, दिग्दर्शन आपसांत वाटून घेऊन चालवलेला तो एक घरगुती कारखाना होता. राम गोपाल वर्मांनी ‘रात’नंतर (१९९२) ‘भूत’मधून (२००३) भय मुंबईच्या फ्लॅटमध्ये आणले. मराठीत महेश कोठारेंच्या ‘झपाटलेला’तला (१९९३) रामदास पाध्ये यांनी नाचवलेला तात्या विंचू मुलांना हसवता हसवता घाबरवून गेला. इतकी पूर्वपीठिका पुरेशी आहे.

खरा मुक्काम करावा असा चित्रपट म्हणजे राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८). शीर्षकात श्री. ना. पेंडसे यांच्या कादंबरीची आठवण, भयाच्या बीजात धारपांचे ऋण, आणि कथानक १९१८, १९३३ व १९४७ या तीन काळांत विभागलेले. विनायक हा कोकणातल्या जुन्या वाड्यातल्या खजिन्याच्या मागे लागलेला ब्राह्मण मुलगा पुढे पुण्यातला सुखवस्तू गृहस्थ होतो, आणि त्या सुखाची किंमत त्याच्या मुलापर्यंत पोहोचते. चित्रपटाचे मोठेपण त्याच्या नियमांत आहे. देवीच्या उदरात कोंडलेला हस्तर हा सोन्याचा धनी पण अन्नाचा भुकेला. त्याला पिठाची बाहुली दाखवायची, तो ती खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटीतल्या मोहरा ओढून घ्यायच्या, आणि पिठाने आखलेल्या वर्तुळाच्या आत राहून दोरावरून वर यायचे. एवढे नियम प्रेक्षकाला एकदा स्वच्छ सांगितले की दिग्दर्शकाला दचकवण्याची गरज उरत नाही, कारण आपली ओढाताण प्रेक्षक स्वतःच करू लागतो: बाहुली किती वेळ पुरेल, दोर किती लांब आहे, एका फेरीत किती मोहरा निघतील. शेवटी मुलगा सुचवतो की एकाऐवजी पुष्कळ बाहुल्या नेल्या तर सगळी लंगोटीच हाती येईल, आणि त्या हिशेबी, बालसुलभ सूचनेतच सर्वनाश असतो, कारण बाहुल्या जितक्या तितके हस्तर उभे राहतात. येथे भय बाहेरून येत नाही. ते नियमातच दडलेले असते आणि लोभ ते उघडतो. पंकज कुमार यांच्या छायाचित्रणातला न थांबणारा पाऊस, ओल धरलेली भिंत आणि लाल मांसल विहीर यांनी जुगुप्सेतून भय उपजण्याचा भरताचा क्रम पडद्यावर जसाच्या तसा उतरवला आहे, मग तो दिग्दर्शकाच्या मनात असो वा नसो.

व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवातल्या समीक्षक सप्ताहात गाजूनही हा चित्रपट ऑक्टोबर २०१८ मध्ये चित्रपटगृहांत बेताचाच चालला, आणि १३ सप्टेंबर २०२४ रोजी पुन्हा लागला तेव्हा त्याने पहिल्या प्रदर्शनापेक्षा अधिक कमाई केली. मधल्या सहा वर्षांत त्याचा प्रेक्षक घरच्या पडद्यावर, एकमेकांना सांगत तयार झाला. परीक्षकांनीही त्याची वाखाणणी केली होती; परंतु ती ‘दृश्ये नेत्रदीपक’ या शेऱ्यावर थांबली आणि नियमांच्या बांधणीपर्यंत फारशी पोहोचली नाही.

‘तुंबाड’च्या कसोटीवर इतर चित्रपट लावले की फरक उघड होतात. विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ने (२०१७) उसाच्या शेताला भयाची जागा केले. ऊस उंच असतो, रांगा एकसारख्या असतात आणि वाट चुकली की दिशा उरत नाही, ही महाराष्ट्रातल्या ग्रामीण प्रेक्षकाच्या रोजच्या ओळखीची गोष्ट. तिच्यात गर्भवती नायिका आणि स्त्रीभ्रूणहत्येचा विषय ठेवल्यामुळे भीतीला सामाजिक मूळ मिळाले. उषा नाईक यांनी साकारलेल्या तुळसाबाईची जिव्हाळ्याची, आर्जवी भाषा हाच त्या चित्रपटातला सर्वांत भयप्रद घटक आहे. त्याच दिग्दर्शकाने केलेल्या हिंदी ‘छोरी’त (२०२१) खर्च वाढला, शेत अधिक भव्य झाले, आणि तुळसाबाईची ती घरगुती लय हरवली. मराठी मूळ सरस आहे, हे येथे अभिमानापोटी म्हटलेले नाही.

आदित्य सरपोतदार यांचा ‘मुंज्या’ (२०२४) हे अर्धवट यशाचे उदाहरण. मुंज झालेला पण सोडमुंजीआधी मेलेला मुलगा मुंज्या होऊन पिंपळावर राहतो, ही समजूत मराठी घरांत सर्वश्रुत आहे, आणि तिच्यातली अपूर्ण राहिलेल्या लग्नेच्छेची खोच चित्रपटाने बरोबर हेरली. १९५२ सालातला, कोकणातल्या झाडाखालचा आरंभ खरोखर अस्वस्थ करतो. कथा पुण्याला येते आणि संगणकावर घडवलेला मुंज्या सतत दिसू, बोलू, बागडू लागतो, तेव्हा भय ओसरते, कारण भुताची ताकद त्याच्या दिसण्यापेक्षा त्याच्या अटींत असते आणि या मुंज्याच्या अटी सोयीप्रमाणे बदलतात. याच निर्मितीसंस्थेच्या ‘स्त्री’मध्ये (२०१८) दारावर लिहिलेल्या एका ओळीने भूत परत जाते हा नियम विनोदाचा आणि भयाचा सामाईक आधार होता, ‘स्त्री २’ने (२०२४) पाचशे कोटींपेक्षा अधिक गल्ला जमवला, पण नियमाची जागा राक्षसाच्या आकाराने आणि पाहुण्या कलाकारांच्या हजेरीने घेतली. हास्य आणि भय एकत्र नांदू शकतात. मात्र हास्य हे भयातून सुटण्याची पळवाट झाले की दोन्ही पातळ होतात, आणि सध्याच्या विनोदी भयपटांच्या मालिकेला हाच आजार जडला आहे.

मारधाडपटाकडे वळताना एक ठोसा जवळून पाहणे उपयुक्त ठरेल. पडद्यावरचा ठोसा सहसा लागत नाही. मारणाऱ्याची मूठ समोरच्याच्या चेहऱ्यापुढून काही इंच अंतर राखून जाते, आणि कॅमेरा अशा कोनात, बहुधा एकाच्या खांद्यामागे ठेवला जातो की ते अंतर प्रेक्षकाला दिसू नये. मार खाणारा योग्य क्षणी मान झटकतो, ज्याला सेटवर ‘रिॲक्शन’ म्हणतात. आणि आवाज नंतर ध्वनिमुद्रणाच्या खोलीत वेगळा घातला जातो. या सगळ्याची आखणी करणारा तो फाइट मास्टर, आणि नायकाऐवजी उंचावरून पडणारा तो डुप्लिकेट. म्हणजे ठोशाची ताकद मारणाऱ्यात नसून मार खाणाऱ्याच्या प्रतिसादात असते. ज्या चित्रपटात मार खाणाऱ्याला चेहरा नसतो, त्यातला ठोसा कितीही मोठ्या आवाजाचा असला तरी पोकळ राहतो. हिंदीतल्या गोदामातल्या मारामारीत रिकामी खोकी आणि पिंपे कोसळत, तेव्हा साकीनाक्याच्या प्रेक्षकाला खोकी रिकामी आहेत हे कळत असे. तो तरीही टाळ्या वाजवी, कारण उत्साह खरा असे. तो वीररसाचा करार होता.

संदीप रेड्डी वांगा यांच्या ‘ॲनिमल’ने (२०२३) तो करार फाडला. सुमारे तीन तास एकवीस मिनिटांच्या या चित्रपटावर स्त्रीद्वेषाचा आरोप झाला आणि तो बव्हंशी योग्यच आहे, परंतु त्यामुळे चर्चा संवादांभोवती फिरत राहिली आणि हिंसेच्या रचनेकडे दुर्लक्ष झाले. हॉटेलमध्ये चालणाऱ्या कत्तलीत मागे मराठी ‘डॉल्बीवाल्या’ गाणे वाजते, मुखवटे घातलेले हल्लेखोर एकामागोमाग एक पडत जातात आणि ताल इतका पकड घेणारा असतो की प्रेक्षकाचे पाय हलू लागतात. कारागिरी अव्वल आहे. परंतु मुखवट्यांमुळे मरणाऱ्यांना चेहरे नाहीत, म्हणून प्रहाराला वजन नाही; उरतो तो नायकाचा क्रोध, आणि चित्रपट त्या क्रोधाकडे कधीच बाहेरून पाहत नाही.

याच्या शेजारी निखिल नागेश भट यांचा ‘किल’ (प्रदर्शन २०२४) ठेवावा. जवळजवळ सगळा चित्रपट दिल्लीकडे धावणाऱ्या आगगाडीत घडतो. डब्यातली अरुंद वाट, शिडी, पडदे, स्वच्छतागृहाचे दार यांमुळे मोठे फटके मारायला जागाच नसते आणि झुंज कोपराकोपराने चालते. पूर्वार्धात नायक लष्करी शिस्तीने, शक्यतो जीव न घेता लढतो. मग एक मृत्यू होतो, आणि चित्रपट बराच पुढे गेल्यावर, तेव्हा कुठे, शीर्षक पडद्यावर येते. त्यानंतर तोच नायक जे करतो ते पाहवत नाही. महत्त्वाचे म्हणजे दरोडेखोर हे एकमेकांचे काका, पुतणे, भाऊ आहेत, आणि प्रत्येक मृत्यूनंतर त्यांच्यापैकी कोणीतरी हंबरडा फोडतो. वीराचे रौद्रात रूपांतर होण्याचा क्षण शीर्षकाने अधोरेखित करणारा आणि त्या रौद्राची किंमत शत्रूच्या शोकातून दाखवणारा दुसरा अलीकडचा हिंदी मारधाडपट सांगणे कठीण आहे. रक्त दोन्ही चित्रपटांत भरपूर आहे. फरक रक्ताच्या मोजमापाचा नाही, आणि केवळ मोजमापावर बोट ठेवणारी समीक्षा कीचकाला कात्री लावणाऱ्या सेन्सॉरच्या पुढे गेलेली नाही.

लक्ष्मण उतेकर यांचा ‘छावा’ (२०२५) या चौकटीत अवघड जागी बसतो. शिवाजी सावंत यांच्या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटातल्या लढाया गोंगाटात हरवतात, पार्श्वसंगीत त्यांना श्वास घेऊ देत नाही. याउलट अखेरचे यातनापर्व, जेथे नायक साखळदंडांत जखडलेला असून काहीच करू शकत नाही, तेथे विकी कौशल यांच्या देहबोलीमुळे चित्रपटाला पहिल्यांदा वजन येते. ऐतिहासिक पुरुषाविषयीची भक्ती प्रेक्षक घरून घेऊन आलेला असतो, आणि ती भक्ती कोणती व चित्रपटाची कमाई कोणती हे वेगळे काढणे समीक्षकाला टाळता येत नाही, मग त्यासाठी रोष पत्करावा लागला तरी. दिग्पाल लांजेकर यांच्या ‘पावनखिंड’सारख्या (२०२२) मराठी चित्रपटांनाही हाच निकष लावायला हवा.

दक्षिणेकडून आलेल्या लाटेविषयी येथे थोडक्यात सांगणे भाग आहे. ‘पुष्पा’ (२०२१) हिंदी पट्ट्यात चालला त्यात अल्लू अर्जुनच्या चालीइतकाच वाटा त्याला हिंदी आवाज देणाऱ्या श्रेयस तळपदे या मराठी अभिनेत्याचा आहे, आणि तरीही डबिंग हे कलाकाराचे काम म्हणून परीक्षणांत क्वचितच तपासले जाते.

हिंसेला परिणाम असतो, हे पडद्यामागे अधिक खरे आहे. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूत एका चित्रपटाच्या सेटवर मोटार उलटवण्याचे दृश्य करताना स्टंट कलावंताचा मृत्यू झाला. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत स्टंट दिग्दर्शनाचा समावेश २०१६ सालच्या चित्रपटांपासून झाला, आणि अमेरिकेच्या ऑस्कर पुरस्कारांत हा विभाग २०२७ मध्ये प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांपासून सुरू होत आहे. प्रमाणपत्राच्या व्यवस्थेतही २०२४च्या नियमांनी ‘यूए’ या एकाच गटाचे सात, तेरा आणि सोळा वर्षांवरील असे तीन भाग केले, त्यामुळे पालकाला थोडी अधिक माहिती मिळते. मराठी परीक्षणांत मात्र नायक, नायिका, दिग्दर्शक आणि संगीतकार यांच्यानंतर नावे संपतात. भयपटावर लिहिताना ध्वनिसंयोजकाचे आणि मारधाडपटावर लिहिताना फाइट मास्टरचे नाव व त्याच्या कामाचे किमान दोन वाक्यांत मूल्यमापन द्यावे, एवढी मागणी या प्रकारांवर यापुढे लिहिणाऱ्यांकडे आहे. आणि ते नाव परीक्षणात नसेल तर वाचकांनी संपादकांकडे त्याची विचारणा करावी.